समोवरातली किल्ली

इर्याच्या दुकानात मासे विकायला गेली की डोम्ना आधी खिशातून स्वतःचं किलोचं वजन काढून काट्यावर ठेवायची. काटा एक किलो दाखवायचा. मग डोम्ना म्हणायची, "आज बरोबर दाखवतोय." त्या 'आज'वर इर्या वर्षानुवर्षं चिडत आली आहे, आणि तरी दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी आहेत.

बाईचा स्वभावच संशयी. हवामानाच्या अंदाजावर विश्वास नाही, डॉक्टरवर नाही, शेजारी नव्याने आणलेल्या कुत्र्यावरही नाही. "फार शांत आहे, काहीतरी लपवतंय," असं ती त्या कुत्र्याबद्दल म्हणाली होती. उत्तर फिनलंडमधल्या इनारी सरोवराच्या पूर्वेकडच्या आमच्या गावात लोक तिला हसायचे, पण जपून, कारण आपल्यामागे कोण हसलं हेही ती हुडकून काढायची.

याला कारण होतं, आणि ते न सांगता तिला नुसतं हसणं बरं नाही. डोम्नाची माणसं स्कोल्ट सामी, म्हणजे या उत्तरेकडच्या मुलखातले मूळ रहिवासी. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांचं जुनं गाव रशियात गेलं. गाव काही हललं नाही, सीमाच सरकली, आणि माणसं फिनलंडमध्ये आली. येताना डोम्नाच्या आईने चहाचं पाणी उकळायचा पितळी समोवर तेवढा उचलून आणला. पुढे वसतिगृहाच्या शाळेत पोरं डोम्नाला "रशियन, रशियन" म्हणून चिडवायची आणि तिच्या अंथरुणात बर्फ भरायची. मी रशियन नाही, हे ती इतक्या वेळा सांगत राहिली की पुढे कुणी विचारेनासं झालं तरी तिची सांगायची खोड गेली नाही. आई वारली तसा समोवर कपाटात गेला आणि डोम्ना चारचौघांसारखी कॉफी करायला लागली. आईमुळे रशियन बोललेलं सगळं समजायचं, पण तिने ते कधी कुणाला कळू दिलं नाही. जन्मभर संशय सोसलेल्या माणसाने निदान दुसऱ्यावर तरी घेऊ नये, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. डोम्ना त्या विद्येत पक्की तयार झाली होती, एवढंच.

आणि अशा बाईच्या घरात ग्लेब जावई म्हणून आला. म्हणजे तिच्या बहिणीच्या मुलीचा, कातीचा, नवरा. मुर्मान्स्कचा माणूस, बर्फगाड्या दुरुस्त करणारा, हसला की सोन्याचा दात दिसायचा. पहिल्याच भेटीत त्याने साखर शोधायला नेमकं ते कपाट उघडलं आणि आनंदाने ओरडला, "अरे, हा तर आमच्याकडचा!"

खोलीत पाहुणे होते. डोम्नाने कपाटाचं दार जवळजवळ त्याच्या बोटांवरच लावलं. त्या दिवसापासून तो तिच्या मनातून उतरला तो उतरलाच. तो मात्र "मावशी, मावशी" करत तिची बर्फगाडी फुकट दुरुस्त करायचा, आणि डोम्ना नंतर सगळे नटबोल्ट तपासून बघायची.

गेल्या हिवाळ्यात हवा फारच बिघडली. रशियाची सीमा केव्हाच बंद झाली होती. नकाशा दाखवणारी यंत्रं मध्येच भरकटायची आणि जंगलात उभ्या माणसाला तू समुद्रात आहेस म्हणून सांगायची. आकाशात दिवे दिसले म्हणून कुणी सांगायचं, कुणी म्हणायचं तो गुरूचा ग्रह होता. रेनडिअर हाकणारी पोरंसुद्धा अनोळखी गाडीचा नंबर पाठ करून ठेवायला लागली. सगळं गाव डोम्नासारखं वागू लागलं, त्यामुळे डोम्नाच्या शब्दाला एकाएकी वजन आलं.

सरोवराच्या पलीकडच्या काठाला, टेकडीखाली, एक झोपडी आहे. डोम्नाच्या बापाने बांधलेली, नवऱ्याने छप्पर बदललेली. पलीकडे सीमेपर्यंत निव्वळ जंगल. त्या झोपडीला कधीच कुलूप नव्हतं. आमच्याकडे अशा झोपड्यांचे दोनच नियम. जो सर्वांत शेवटी येईल त्याचा हक्क पहिला, कारण तो सर्वांत जास्त गारठलेला असतो. आधी येऊन ऊब घेतलेल्याने बाक सोडून उठायचं. आणि निघताना चुलीपाशी पेटवणीच्या काड्या तासून ठेवायच्या, म्हणजे पुढच्याला सुन्न बोटांनीही काडेपेटीच्या एकाच काडीत जाळ करता येतो. बाकी कोण आला, कुठून आला, हे कुणी विचारत नाही.

डोम्ना मात्र न विचारता ओळखायची. तासलेली काडी बघून कोण येऊन गेलं ते सांगायची, कारण प्रत्येकाचा चाकू वेगळा चालतो. त्या हिवाळ्यात तिला चुलीपाशी वेगळ्याच काड्या दिसायला लागल्या. चारही बाजूंनी बारीक कुरळी सालपटं काढलेल्या, पाइनच्या बोंडासारख्या फुललेल्या. आमच्याकडे एकाच बाजूने तासतात. बाकाखाली आटवलेल्या गोड दुधाचा रिकामा डबा सापडला, त्यावर रशियन अक्षरं. आणि झोपडीमागून टेकडीच्या माथ्यावर जाणारी पावलं. माथ्यावर माणसाला काय काम? तिथून फक्त सीमेचे मनोरे दिसतात.

डोम्नाच्या मनात पाल चुकचुकली. तिने दोन आठवडे पाळत ठेवली. ग्लेब दर रविवारी दुपारी जाळी बघायला म्हणून निघायचा आणि मासा न घेता परतायचा. एकदा त्याच्या कोटाच्या खिशातून दुसरा फोन डोकावताना तिने पाहिला.

"दोन फोन!" ती इर्याला म्हणाली. "एका माणसाला दोन फोन कशाला लागतात?"

"माझ्या जावयाकडे तीन आहेत," इर्या म्हणाली.

"त्याच्यावरही लक्ष ठेव."

मग डोम्ना सीमेच्या चौकीवर गेली. तिथल्या सानाने, तरुण सीमारक्षक मुलीने, सगळं नीट ऐकून घेतलं, डबा पिशवीत ठेवून घेतला आणि विचारलं, "मावशी, हा तुमच्या घरातलाच ना?"

"घरातला असला म्हणून काय झालं?" डोम्ना म्हणाली. घरी येताना तिने तेच वाक्य दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

त्याच आठवड्यात इर्याच्या दुकानातून मोठं पितळी कुलूप आणून तिने झोपडीला ठोकलं. किल्ली कुठे ठेवायची हा प्रश्न होता. वळचणीला ठेवली तर कुणीही घेईल, गाडीत ठेवली तर गाडी दुरुस्त करणारा कोण? शेवटी तिने ती घरी, कपाटातल्या समोवरात टाकली. तिथे कुणी हात घालणार नव्हतं.

रविवारी ती त्याला रंगेहाथ पकडायला निघाली. गोठलेल्या सरोवरावरच्या नेहमीच्या, काठ्या रोवलेल्या वाटेने गेलं तर आपला माग त्याला दिसेल, म्हणून तिने बर्फगाडी दोन काठांमधल्या चिंचोळ्या जागेतून घातली. तिथे खालचं पाणी वाहतं, बर्फ दबतो आणि वरच्या भुसभुशीत थराखाली पाणी साचून राहतं. हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असतं. डोम्नालाही होतंच. पण माग लपवायच्या नादात तिने जन्मभर टाळलेल्या जागी स्वतःच गाडी घातली. गाडी अर्धी रुतली. उतरली तर गुडघ्यापर्यंत पाणी. फोन पाण्यात पडला आणि मेला.

थंडी उणे पंचवीसच्या आसपास. सूर्य त्या दिवसांत उगवतच नाही, दुपारचा निळसर उजेड तेवढा होता. झोपडी समोर दिसत होती. ती चालत निघाली. बुटातलं पाणी आधी टोचलं, मग जळलं, मग काहीच वाटेनासं झालं, आणि तेव्हा ती खरी घाबरली. दारापाशी पोचून तिने कडीला हात घातला तेव्हा कुठे तिला समोवरातली किल्ली आठवली.

तिने कुलूप ओढलं. दगड शोधला, तो बर्फात गोठलेला. खिडकी तिच्या बापाने हाताएवढीच ठेवली होती. सगळ्या गावात चांगलं म्हणून तिने तेच कुलूप निवडून आणलं होतं, आणि ते होतंही चांगलं. डोम्ना उंबऱ्यावर बसली. आपण इथेच मरणार, आणि लोकांना कारण कळल्यावर ते हसणार, या विचाराने तिला रडू आलं.

गाडीचा आवाज आला. काठ्यांच्या वाटेने, उघडपणे, दिवा लावून ग्लेब येत होता.

"मावशी?" तो पळतच आला. तिचे बूट बघितले, कुलूप बघितलं. काही न विचारता गाडीवरून कुऱ्हाड आणली आणि तीन घावांत कोयंडा उखडून काढला.

चुलीपाशी त्याच्या त्या फुललेल्या काड्या तशाच होत्या. कुलूप लागायच्या आधीच्या रविवारी ठेवलेल्या. त्याने काडी ओढली आणि पहिल्याच काडीला जाळ धरला. डोम्ना त्या काड्या जळताना बघत राहिली. चौकीवर तिने त्यांचं वर्णन पुरावा म्हणून केलं होतं.

"बाकावर बसा," तो तिचे मोजे ओढत म्हणाला.

"शेवटी तू आलास," डोम्ना दात वाजवत म्हणाली. "बाक तुझा."

"आत तर आपण बरोबरच शिरलो. आता नियम काढू नका, पाय इकडे करा."

पायांना कळा यायला लागल्या, म्हणजे पाय जिवंत होते. त्याने तिला दोन कोटांत गुंडाळलं, आटवलेल्या दुधाचा डबा फोडून दूध गरम पाण्यात घालून दिलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"मावशी, मी जरा वर जाऊन येऊ? लगेच येतो."

"जा," ती म्हणाली. आता कळेलच, असं तिला वाटलं. पाय ठणकत असतानाही ती बाई उठून मोडक्या दाराशी कान लावून बसली.

माथ्यावरून ग्लेबचा आवाज येत होता. तो ओरडून बोलत होता, बहिऱ्या माणसाशी बोलतात तसा. रशियनमध्ये. आणि डोम्नाला शब्द न् शब्द समजत होता.

"आई! जेवलीस का? ... काय जेवलीस? ... नुसते बटाटे? शेजारणीला सांग ना! ... गुडघा? अगं, गुडघ्याचं विचारतोय! ... हो, टेकडीवरूनच लागतो तुमच्याकडचा टॉवर, दुसऱ्या फोनवर. ... नाही, यायला मिळत नाही. बंद आहे. ... माहीत नाही कधी. ... आई, रडू नकोस. मांजर कसं आहे?"

मग, "कातीची मावशी आहे खाली. पाय भिजलेत तिचे. ... काय? बरं, सांगतो!"

तो परत आला तेव्हा डोम्ना बाकावर होती. त्याचे डोळे लाल होते, पण आमच्याकडच्या वाऱ्यात सगळ्यांचेच होतात.

"आई म्हणते, मोज्यात मोहरीची पूड घाला."

डोम्नाची आईसुद्धा हेच करायची. पिवळी पूड घातलेले लोकरीचे मोजे, आणि वर समोवरातला चहा.

"ग्लेब, ते कुलूप मी लावलं होतं."

"माहीत आहे. तसलं महागाचं कुलूप गावात दुसरं कोण घेणार? इर्याने मला त्याच दिवशी सांगितलं."

"मग आज आलास कशाला?"

"टेकडीला कुठे कुलूप होतं?"

डोम्नाला हसू आलं नाही. "चौकीवर जाऊन तुझं नाव मी सांगितलं," ती म्हणाली. "डबा मी दिला. फोनचंही सांगितलं."

तो जाळात लाकूड सारत होता. "तेही वाटलंच होतं," तो म्हणाला, आणि या वेळी दात दिसला नाही. "त्यांनी बोलावलंय मंगळवारी. इथे राहायचा परवाना आहे ना, तो पुन्हा तपासणार आहेत. माझ्याबद्दल सांगेल अशा गावातल्या कुणाचं तरी नाव द्या म्हणाले. मी तुमचं दिलं."

"माझं? अरे, डोकं फिरलंय का तुझं? कातीचं द्यायचं, इर्याचं द्यायचं!"

"इर्या सगळ्यांनाच चांगलं म्हणते. तिचं कोण ऐकणार? तुम्ही आजवर कुणाला चांगलं म्हटलेलं नाही, मावशी. तुम्ही म्हणालात तर त्यांना खरं वाटेल." जरा थांबून तो म्हणाला, "आणि नाही म्हणालात तरी खरंच वाटेल. ते तुम्ही बघा. पण मला परत पाठवलं तर काती इथे, मी तिथे, आणि मधे हे जंगल."

परतताना डोम्ना त्याच्या गाडीवर मागे बसली, आयुष्यात पहिल्यांदा नटबोल्ट न तपासता.

मंगळवारी ती त्याच्याआधी चौकीवर हजर. पाय सुजलेले, मोज्यात मोहरी, चालताना लंगडत होती. सानाने खुर्ची पुढे केली.

"ग्लेबबद्दल सांगायला आलात ना? तुम्ही आधी म्हणाला होतात की तो टेकडीवरून..."

"आईला फोन करतो. ती बहिरी आहे. बटाट्यांबद्दल बोलतात."

"तुम्हाला कसं कळलं? ते तर रशियनमध्ये बोलत असतील."

साठ वर्षं जे डोम्नाने जपून झाकून ठेवलं होतं ते आता या पोरीपुढे, सरकारी टेबलावर, उघडं करायचं होतं. बाहेर बाकावर ग्लेब येऊन बसला होता. काचेतून त्याची टोपी दिसत होती.

"मला रशियन येतं," डोम्ना म्हणाली. "आईकडून आलं. घरी समोवरही आहे. लिहून घ्या."

सानाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, "आणि माणूस कसा आहे?"

"कुलूप तोडणारा," डोम्ना म्हणाली.

सानाने पेन उचललं. "हे असं लिहू?"

"असंच लिहा. आणि त्याच्याखाली लिहा, कुलूप माझं होतं आणि बाहेर मी होते."