दुसरा पंच

बार्शीच्या घराला कुलूप लावले आणि सवयीने एकदा ओढून पाहिले. दारावरच्या पाटीची अक्षरे उन्हाने पुसत आली आहेत. माझ्या आडनावाचे पहिले अक्षर आता अंदाजानेच वाचावे लागते. ती पाटी रंगवून घ्यावी असे पूर्वी अधूनमधून वाटत असे, पुढे वाटेनासे झाले. मला शोधत येणारे कोणी उरलेले नाही. त्याची कारणे बव्हंशी माझ्यातच आहेत, आणि ती येथे सांगत बसत नाही.

पुण्याला कशासाठी निघालो होतो, हे सांगताना थोडा संकोच वाटतो. निरीक्षक सावळकर नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या तपासकथांची मालिका आहे. शाळेतील नोकरी सोडल्यापासून माझ्या संध्याकाळी तिच्यावरच चालल्या आहेत. सावळकरांना कोणतीही गोष्ट एकदम चमकून सुचत नाही. ते त्याच साक्षीदाराकडे पुन्हा जातात, तोच प्रश्न पुन्हा विचारतात आणि उत्तरातला एखादा शब्द बदललाच, तर फक्त पिण्याचे पाणी मागतात. प्रयोगशाळेचा अहवाल रखडतो, जीप ढकलावी लागते, महत्त्वाचा कागद भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. खुनी कोण होता हे मी पुष्कळदा विसरतो. मला धरून ठेवते ते वेगळेच काही. एका सामान्य माणसाचे नेमके काय झाले हे कळावे म्हणून इतकी माणसे इतके दिवस खपतात, ही कल्पनाच मला घरात सोबत करते. त्या कथा पुण्यात घडतात. त्या जागा एकदा पाहाव्यात, इतकाच बेत होता.

एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, “पुण्यात कोणाकडे?”

“कोणाकडे नाही. फिरायला चाललो आहे.”

“पुण्यात फिरायला?” त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिले. “एकटेच?”

मी होकार दिला. त्यानंतर ते खिडकीबाहेर पाहू लागले.

लोणी काळभोर आले तेव्हा मीही बाहेर पाहिले. मालिकेच्या पहिल्या पुस्तकात इथल्या उसाच्या फडात एक सायकल सापडते आणि तिच्या घंटीवरून सावळकर मालकापर्यंत पोहोचतात. ऊस अजून आहे. मात्र महामार्गाच्या कडेने महाविद्यालयांचे फलक आहेत आणि त्यांवर हसरी मुले हाताची घडी घालून उभी आहेत. त्या फलकांच्या मागे कुठेतरी तो फड असेल असे मानून मी समाधान करून घेतले.

स्वारगेटजवळ एका साध्या लॉजमध्ये पिशवी टाकली आणि दुपारी धायरीला गेलो. चौथ्या पुस्तकातली विहीर मला पाहायची होती. पुस्तकात धायरी म्हणजे गाव आहे. विहिरीवर मोट नाही, पण मोटेच्या खुणा आहेत. प्रत्यक्षात मला उंच इमारती, बांधकामाची धूळ आणि वाहनांची रांग भेटली. एका किराणा दुकानाबाहेर पांढरी टोपी घातलेले म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांना विहीर विचारली.

“हीर व्हय? ती काय समोर. पार्किंगखाली हाय.”

“एका गोष्टीच्या पुस्तकात तिचा उल्लेख आहे. तिच्यात एक माणूस सापडतो.”

“आमच्या हिरीत?” ते सावरून बसले. “कुनी लिवलं?”

“ती खरी गोष्ट नाही, आजोबा. रचलेली आहे.”

“मंग ठीक हाय. जिमिनीचा येव्हार चालू व्हता तवा असलं कुनी लिवलं असतं, तर बिल्डर पळालाच असता की.” ते स्वतःशीच हसले आणि बाकावर थोडे सरकले. “बसा. च्या सांगतो.”

मी नको म्हणालो. घाई काहीच नव्हती. पण कोणी बसा म्हटले की आधी नकार तोंडातून बाहेर पडतो, आणि आपल्याला बसायचे होते हे रस्त्याच्या टोकाला गेल्यावर लक्षात येते. टोकाला पोहोचून मागे पाहिले तेव्हा म्हातारे दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्वेनगर. सावळकर पुस्तकांत इथेच राहतात, दगडी कठड्याच्या एका जुन्या तीन मजली इमारतीत. आधी एका छोट्या हॉटेलात पोहे मागवले. पोहे मोकळे शिजलेले होते, वर बारीक शेव आणि लिंबाची फोड. पहिला घास घेतो तोच मालक गल्ल्यावरून म्हणाले, “चौघांचं टेबल घेतलंत. बाकीचे तिघे वाटेत आहेत का?”

“नाही. मी एकटाच आहे.”

“मग तो कोपरा आपल्यासाठीच केलाय.”

भिंतीला लावलेल्या अरुंद फळीपाशी मी बशी घेऊन गेलो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांनी पाहिले तेवढेच सांगितले होते.

पुढच्या गल्लीत तशीच एक इमारत दिसली. कठडा दगडी नव्हता, सिमेंटचाच होता. तरी जिन्याचे वळण पुस्तकातल्यासारखे वाटले म्हणून मी आत शिरलो. पहिल्या मजल्यावर पोहोचलो तर समोर खरेखुरे पोलीस उभे. एका दाराचा कोयंडा उचकटलेला होता. दारापाशी एक तरुण महिला उपनिरीक्षक, एक जाडसर हवालदार आणि इस्त्रीचे दुकान चालवणारा एक माणूस उभा होता. त्याच्या खांद्यावर अजून कुणाचा तरी शर्ट होता. जिन्याच्या पायरीवर सत्तरीच्या एक बाई प्रवासाची बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचेच घर फुटले होते.

“कोण पाहिजे?” हवालदारांनी विचारले.

“कोणी नाही. इमारत पाहत होतो.”

“इमारत?” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि आधार कार्ड मागितले. ते उलटसुलट करून पाहताना काय करता म्हणून विचारले; शाळेत शिकवत होतो, असे सांगितल्यावर त्यांचा स्वर मऊ झाला. “शिक्षक होतात म्हणता. पंच व्हाल का?”

पंच (पोलिसांच्या कामाला साक्षी राहणारा त्रयस्थ नागरिक) दोन लागतात. एक होता, तो इस्त्रीवाला. दुसरा मिळत नव्हता. वरच्या मजल्यावरच्या साहेबांची मीटिंग सुरू होती. समोरच्या दारातून एका बाईंनी अर्धवट डोकावून, “आम्ही काही पाहिलं नाही, आणि आता काही पाहायचंही नाही,” एवढे सांगून कडी लावली होती.

“कोपऱ्यावरच्या चहावाल्याला बोलावू का, मॅडम?” हवालदारांनी विचारले.

“नको. तो आपल्या प्रत्येक पंचनाम्यात असतो. नेहमीचा पंच म्हणून वकील कोर्टात त्याची साक्ष उडवतील.”

ठशांचे पथक येऊन गेले होते. आता पंचनामा (जागेवर जे दिसते त्याची पंचांसमोर केलेली नोंद) झाल्याशिवाय घरातल्या वस्तूला हात लावायचा नव्हता. बाई नाशिकहून रात्रभर प्रवास करून आल्या होत्या आणि स्वतःच्या दाराबाहेर बसून होत्या.

“मी बाहेरगावचा आहे,” मी म्हणालो.

“इथले तयार नसले तर बाहेरचाही चालतो.”

“मला गाडी गाठायची आहे.”

गाडी दुपारनंतरची होती. उपनिरीक्षक म्हणाल्या, “जाऊ द्या त्यांना. जबरदस्ती नको.” त्या असे म्हणाल्या नसत्या तर बरे झाले असते. मी खाली उतरू लागलो तेव्हा पायरीवरच्या बाईंनी बॅग आवरून मला वाट करून दिली. “उन्हातून आलात,” त्या म्हणाल्या. “पाणी दिलं असतं, पण आत जाता येत नाही.”

गल्लीच्या तोंडाशी एका झाडाखाली थांबलो. पिशवीत मालिकेचे शेवटचे पुस्तक होते. पहिल्या प्रकरणातले ते वाक्य शोधायला वेळ लागला नाही, कारण ते प्रत्येक पुस्तकात असते: दोन पंचांसमक्ष जागेचा पंचनामा केला. सावळकरांच्या जीपचा चालक कोणत्या बाजूला पान ठेवतो हे मला ठाऊक आहे. या दोन माणसांची नावे मात्र लेखकाने कधी दिली नाहीत, आणि ती नाहीत हे माझ्याही कधी लक्षात आले नव्हते. इतकी वर्षे मी तपासावर प्रेम केले होते. ज्यांनी दाराशी येऊन उभे राहायचे, ते गृहीत होते.

मी परत जिना चढलो. “आलात?” हवालदार म्हणाले. “गाडी चुकली वाटतं.”

“हो,” मी म्हणालो.

आम्ही आत गेलो. हवालदार मोबाइलवर चित्रीकरण करत होते. उपनिरीक्षकांनी काय दिसते ते सांगायला सांगितले. लोखंडी कपाट उघडे होते, साड्या जमिनीवर होत्या, स्वयंपाकघर जसेच्या तसे. माझ्यातला वाचक जागा झाला. “चोर माहितीतला असावा,” मी म्हणालो. “कारण स्वयंपाकघराला हात न लावता तो सरळ...”

“काका,” त्यांनी मला शांतपणे थांबवले, “तपास आम्ही करू. आपण दिसतं तेवढंच सांगा.”

इस्त्रीवाला खाली पाहून हसला. मला त्याचे वाईट वाटले नाही. मग मी फक्त पाहू लागलो, आणि हे वाटले होते त्याहून अवघड निघाले. कपाटाच्या आतल्या कप्प्याचे कुलूप वाकलेले. पलंगाखाली चपलांचा जोड. खिडकीशी एक खुर्ची, तिच्या हातावर चष्म्याचे घर. ओट्यावर एक ताट पालथे, एक वाटी, एक कप. माझ्या ओट्यावरही असेच दिसले असते. तिथे कोणी चोरी केली, तर दाराबाहेर बसून वाट पाहायला मात्र मीच असेन आणि दुसरा पंच कुठून येईल, कोण जाणे.

कपाटातून सोन्याच्या दोन बांगड्या गेल्या होत्या. बाईंनी ते सांगितले आणि थोड्या वेळाने हळूच म्हणाल्या, “बांगड्यांचं तेवढं वाटत नाही हो. मी नसताना इथे कोणीतरी वावरून गेलं, त्याचं वाटतं.” हे पंचनाम्यात लिहिण्यासारखे नव्हते. मी ऐकले एवढेच.

सही करताना हवालदारांनी पत्ता विचारला. “समन्स येईल साक्षीला. म्हणजे चोर सापडला, केस उभी राहिली, तर. काही वर्षं जातात. तोवर पत्ता बदलू नका, साहेब.”

“बदलणार नाही.”

“सगळे असंच म्हणतात. आणि घर सापडेल ना आमच्या माणसाला? बार्शीत विचारत फिरायला नको.”

मी पत्ता लिहून पूर्ण केला. “सापडेल,” मी म्हणालो.

पोलीस गेल्यावर बाईंनी चहाचे विचारले. नकार ओठांपर्यंत आला होता. “अर्धा कप चालेल,” मी म्हणालो. त्यांनी स्टूल ओढायला सांगितले आणि वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाहुण्यांचे कप माझ्याकडूनच काढून घेतले. इस्त्रीवाला दारातच उभा राहून चहा प्यायला आणि खांद्यावरचा शर्ट घेऊन खाली गेला. चहात आले भरपूर होते. निघताना बाईंनी विचारले, “कोर्टात याल ना हो, खरंच?”

“येईन.”

“मग चहा पूर्ण कप घ्यावा लागेल.”

परतीच्या गाडीत सावळकर पिशवीतच राहिले. लोणी काळभोर गेले, ऊस गेला. त्या तपासाचा शेवट मला माहीत नाही. कदाचित शेवट नसेलच. चोर सापडला नाही तर समन्सही येणार नाही, हे मला कळते. तरीही त्या गाडीत बसून मी मनात पुन्हा पुन्हा ती खोली पाहत होतो, एकही वस्तू विसरू नये म्हणून. कोणी बोलावलेच तर माझ्याजवळ सांगण्यासारखे काही असले पाहिजे.

बार्शीला आल्यावर दोन दिवसांनी पाटी रंगवणाऱ्याला बोलावले. त्याने जुन्या अक्षरांवर घासकागद फिरवता फिरवता विचारले, “पाहुणे येणारेत का, सर?”

“पोलीस येतील,” मी म्हणालो. “कधी ते सांगता येत नाही.”

त्याचा हात थांबला. तो माझ्याकडे पाहू लागला.

“काळजी करण्यासारखं नाही,” मी म्हणालो. “फक्त अक्षरं रस्त्यावरून वाचता येतील एवढी मोठी काढा.”