न दिलेले दोन थेंब

ऐंशीच्या सुमारास मी महाळुंग्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. नदीपलीकडची एक वस्ती माझ्याकडे होती. पावसाळ्यात नदी आणि मागचा ओढा भरला की तिचं बेट व्हायचं. मग गूळ करायच्या काहिलीत बसून जायचं. नाव तिथे कुणी पाहिलीच नव्हती.

वस्तीतले बरेच पुरुष चिंचवडला कंपनीत होते. रात्रपाळी करून दिवसा झोपायचे, आणि घर एका खोलीचं. त्यामुळे बायका लसीला नाही म्हणत नसत, 'आज नको' म्हणत. सुई टोचली की पोराला ताप येणार, ते किरकिरणार आणि झोप न झालेला माणूस मशीनपुढे उभा राहणार. भीती खोटी नव्हती. एकाची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती.

त्या दिवशी लसींचा बर्फाचा डबा मांडीवर धरून मी पलीकडे पोचले. एक आई वर्षाच्या लेकीला कडेवर घेऊन दारातच हळू आवाजात म्हणाली, "नर्सबाई, ह्यांची रातपाळी हाय. म्होरल्या आठवड्यात टोचा."

मी पहिल्यापासून तापट. "नदी तुमच्या सोयीनं उतरत नसते," म्हणाले आणि डबा बंद केला. त्याच डब्यात पोलिओचा डोस होता. त्याला ना सुई, ना ताप. जिभेवर दोन थेंब, पोरगी रडलीही नसती. पण आम्ही सुई आणि थेंब एकदमच द्यायचो, आणि अर्ध्या कामासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

पुढे पाणी इतकं चढलं की काहीलही चालेना. महिन्याने गेले, तर पोरीचा उजवा पाय लुळा पडला होता.

वाटलं, बाई अंगावर धावून येईल. तिने चहा टाकला. "तुमी आल्या व्हत्या. मीच न्हाई म्हनले." नवरा मान खाली घालून बसला होता.

एका डोसाने पाय वाचलाच असता असं नाही. पण देता येत होता आणि मी दिला नाही, एवढं त्या दोघांना सांगायला हवं होतं. मी चहा प्यायले आणि उठले. त्याची लाज अजून जात नाही.

पुढची कित्येक वर्षं ती आई माझ्याबरोबर दारोदार फिरली. प्रत्येक नव्या आईला सांगायची, "माज्यावानी करू नगा, बाईंचं ऐका." वस्तीत लस चुकलेलं एक पोर उरलं नाही. वरच्यांनी माझी पाठ थोपटली, तीही तिच्यासमोर, आणि मी ती थोपटू दिली.