कानबाईपुढच्या फ्लॉप्या

खुर्चीत बसलेला असला तरी त्याचा उजवा पाय नाचत असायचा. टेबल हलायचं, माझा चहा बशीत सांडायचा. मी डोळे वटारले की म्हणायचा, "सॉरी भाऊ, रिपीट बसवत होतो."

रिपीट म्हणजे साडीवर पुन्हा पुन्हा येणारी नक्षी. पांडेसराच्या एका मिलमध्ये आम्ही दोघं कॉम्प्युटरवर अशा नक्ष्या काढायचो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल, ज्याचं शरीर तेवढं कामावर येतं. याचा जीव नाचात होता. श्रावणात जवळच्या नवागाम वस्तीतल्या खानदेशी घरांतून कानबाई देवी बसायची आणि विसर्जनाला डफ वाजू लागला की हा सगळ्यांच्या पुढे.

जेवणाच्या सुटीत तो साडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये ठिपक्याला ठिपका जोडून नाचणारा माणूस काढायचा. चित्रं भराभर सरकवली की तो माणूस ठेक्यावर पाय टाकायचा. पडद्यावर तो, पुढे प्रत्यक्ष हा, अशी दोघांची जुगलबंदी त्याच्या डोक्यात होती. एकदा आमचे गुजराती शेठ मागे येऊन उभे राहिले.

"आ साडी छे के नाटक?"

"नाटक छे, शेठ."

शेठ हसले म्हणून निभावलं. याला साधं खोटं बोलता यायचं नाही. निदान तेव्हा माझा तसा समज होता.

पुण्याच्या एका संस्थेत कॉम्प्युटर आणि रंगमंच एकत्र शिकवणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाल्याचं त्याला कळलं. अर्ज केला, मुलाखतीचं बोलावणं आलं. महिनाभर तो जमिनीवर नव्हताच. "भाऊ, माझ्यासाठीच काढलाय बघा कोर्स," म्हणायचा. मला हसू यायचं, पण मनातून तेच पटायचं.

माझी बहीण पुण्यात, म्हणून मीही बरोबर निघालो. कानबाईचं विसर्जन नुकतंच झालं होतं. गाडीत त्यानं पिशवीतून फ्लॉप्या काढून दाखवल्या. हुशारीनं त्यानं सगळं काम दोनदा उतरवून घेतलं होतं, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून. दोन्हींच्या लेबलांवर हळदकुंकू होतं.

"आईनं कानबाईपुढे ठेवल्या होत्या. मी म्हटलं, एकीची पूजा केली तरी पुरे. तर म्हणते, दुसरीनं काय बिघाडं?"

आम्ही दोघंही खूप हसलो. मिलमध्ये नवं मशीन आलं तरी आधी नारळ फुटतो, त्यामुळे यात वावगं काही वाटलं नाही.

मुलाखतीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसलो होतो. थोड्या वेळानं तो दारात आला. "भाऊ, उघडत नाहीये. दुसरीपण नाही."

त्यानं फ्लॉपीची पत्र्याची झडप बाजूला सरकवली. आतल्या काळ्या चकतीवर ओल्या बोटानं लावलेलं कुंकू वाळून बसलं होतं. डबी उघडतेय म्हटल्यावर माउलीनं आतल्या देवाला लावलं होतं.

तो परत आत गेला आणि पडद्याशिवायच नाचला. दाराच्या फटीतून मी पाहिलं. असा तो नवागामातही कधी नाचला नव्हता. परीक्षकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. पण नुसत्या नाचावर या कोर्सला घेता येत नाही, म्हणाले. त्यांचंही चुकलं नाही. कुणाचंच चुकलं नाही, याचाच मला जास्त राग येतो.

कुंकवाचं घरी कळता कामा नये, अशी परतताना त्यानं मला शपथ घातली. घरी सांगितलं, "मी कमी पडलो." आई थोडी रडली आणि स्वयंपाकाला लागली. पुढे शेठनी कॉम्प्युटर बदलला, त्याच्याबरोबर त्यातला नाचणारा माणूसही गेला. त्यानं तो पुन्हा काढला नाही. टेबल हलायचं थांबलं. चहा सांडत नव्हता आणि मला तो गोड लागत नव्हता. एक दिवस राजस्थानातल्या कुठल्याशा मिलमध्ये नोकरी धरून तो निघून गेला.

नंतर एकदा मी त्याच्या आईला भेटायला गेलो. तिनं चहा दिला, समोर बसली. म्हणाली, "आते नाचस नही तो. तुम्हीन तं त्याना संगे व्हतात. मना पोर कसामा कमी पडना व्हई, भाऊ?"

"कशातच नाही, मावशी."

"मंग?"

मी कप खाली ठेवला आणि चपला शोधू लागलो.