निळ्या तारेवरचा संशय

तापीच्या दोन्ही काठांवर मिळून माझ्या मावशीच्या थोरल्या दिरांइतका संशयी मनुष्य दुसरा सापडणार नाही, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते. धुळ्याला मावशीच्या घराच्या वरच्या मजल्यावर ते राहतात आणि लहानथोर सारे त्यांना नाना म्हणतात. दूधवाला पाणी घालतो, असा संशय कोणीही सामान्य माणूस घेईल. नानांचा संशय असा, की हल्ली दूधवाला पाणी घालत नाही, त्याअर्थी तो नक्कीच दुसरे काहीतरी घालत असला पाहिजे. एसटी अगदी वेळेवर आली, तर ही मागचीच उशिरा आलेली फेरी नाही ना, असे कंडक्टरला दोनदा विचारून मगच ते पायरीवर पाय ठेवतात. डॉक्टरांनी “काळजीचं कारण नाही” म्हटले, की त्यांची काळजी सुरू होते. एकदा दिवाळीला मी वाकून नमस्कार केला, तर आशीर्वादाच्या आधी प्रश्न आला, “काय काम काढलंस?” मावशी आतून म्हणाली, “नाना, पाया पडतेय ती तुमच्या. पाया पडायला काम लागतं का?” नाना म्हणाले, “मागच्या दिवाळीला नव्हती पडली. म्हणून विचारलं.”

न्यायबुद्धीने सांगायचे, तर हा त्यांचा मूळ स्वभाव नसून व्यवसायजन्य परिणाम असावा. त्यांची सारी नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात रिले तपासण्यात गेली. रिले म्हणजे पगारी संशय. वीज सुरळीत वाहत असते तेव्हा सारे जग निर्धास्त असते. रिलेने मात्र काहीतरी बिघडणारच असे गृहीत धरून डोळ्यांत तेल घालून बसायचे आणि शंका येताच सगळ्यांचा दिवा घालवायचा. अशा यंत्रांच्या संगतीत उभे आयुष्य काढलेला माणूस निवृत्तीनंतर भाबडा झाला असता, तर मला शास्त्रीय आश्चर्य वाटले असते.

मात्र या संशयाला निवृत्तीनंतर जी दिशा मिळाली, ती अत्यंत सुंदर होती. नाना जुन्या मोटारींच्या वायरिंगचे रंगीत नकाशे काढू लागले. झाले असे, की ओळखीच्या कोणाच्या तरी मार्क टू ॲम्बॅसेडरचे वायरिंग उंदरांनी खाल्ले, आणि त्या गाडीची मूळ पुस्तिका नानांच्या हाती पडली. तीत साऱ्या तारा काळ्या. कोणती तार कोणत्या रंगाची, हे तिच्या अंगावर बारीक इंग्रजी अक्षरांनी लिहिलेले, आणि झेरॉक्सची झेरॉक्स निघता निघता त्या अक्षरांच्या मुंग्या झालेल्या. नानांनी ते पान उन्हात धरले आणि म्हणाले, “गाडी पेट्रोलनं पेटत नाही, बेटा. अंदाजानं पेटते.” जुन्या गाडीत रंगाला अर्थ असतो. बॅटरीतून थेट येणारी तार तपकिरी, किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी पांढरी, हेडलाइटची निळी, वायपर आणि ब्रेकच्या दिव्यांची हिरवी, आणि जिथे सगळ्यांनी अखेर टेकायचे ती अर्थिंगची काळी. हा अर्थ ज्याला दिसतो, त्याला गाडी वाचता येते. नानांनी ठरवले, की तो साऱ्या खानदेशाला दिसला पाहिजे.

त्यांची पद्धत त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. छापील नकाशावर विश्वास नाही, म्हणून ते आग्रा रोडजवळच्या गोकुळभाऊंच्या गॅरेजमध्ये जाऊन स्वतः गाडीखाली शिरत. प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपायची, टेस्ट लॅम्प लावून तिची जबानी घ्यायची, आणि मगच ती कागदावर. कागद पलंगाएवढा. एकही तार दुसरीला आडवी जाताना संदिग्ध दिसणार नाही; दुरंगी तारेवरची बारीक रेघसुद्धा शेवटपर्यंत ओढलेली. मी एकदा सुचवले, की हे संगणकावर निम्म्या वेळात होईल. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी लाच देऊ केली होती. “आज तुझ्या स्क्रीनवर लाल, उद्या त्याच्या स्क्रीनवर भगवा. मग गुन्हेगार कोण?” पिंपळनेरपासून जळगावपर्यंतचे जुन्या गाड्यांचे शौकीन हे नकाशे काच लावून भिंतीवर टांगत आणि वायरमन त्यांवर डोळे झाकून भरवसा ठेवत, असे नानांना वाटे. ज्या माणसाने कोणावर विश्वास टाकला नाही, त्याच्यावर लोक टाकतात, एवढीच त्यांची मिळकत होती आणि ती त्यांना प्राणापलीकडे प्रिय होती.

गोकुळभाऊ हे त्यांचे पहिल्या क्रमांकाचे संशयित. कारण एवढेच, की ते नानांशी कधी भांडत नसत. नाना तासन्‌तास त्यांची जागा अडवत, त्यांच्या पक्कडी पळवत, त्यांच्या कामगारांना उलटतपासणीला घेत. गोकुळभाऊ हसून चहा पाठवत. “इतका गोड माणूस काहीतरी लपवतो,” असे नाना म्हणत. “गाडीचं काम झालं की नकाशा घडी करून ठेवून देतो आणि मला बघून हसतो. का हसतो?”

दरम्यान मी जळगावात प्लास्टिकच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत रुजू झाले होते. दाण्यांचा आणि तारेच्या आवरणांचा रंग प्रत्येक खेपेस तोच येतो की नाही, हे यंत्राने मोजणे माझे काम. पुढे परदेशी संशोधनाला जायचे असल्याने निरीक्षणे नोंदवण्याची सवय मी मुद्दाम अंगी बाणवली होती, आणि धुळ्याच्या फेऱ्यांत काही निरीक्षणे माझ्या डोक्यात आपोआप जमू लागली. नानांच्या प्रत्येक पेनावर आता कागदाची चिठ्ठी चिकटवलेली असे: निळा, हिरवा, जांभळा. “कोणी अदलाबदल करू नये म्हणून,” ते म्हणाले. टेबल त्यांनी खिडकीला भिडवले होते आणि ऊन उतरले की काम बंद. मावशीने घेतलेल्या नव्या पांढऱ्या पडद्याला ते बदामी म्हणाले आणि दुकानदाराने फसवले म्हणून हटून बसले. “नाना, बर्फासारखा पांढरा आहे हो!” मावशी म्हणाली. “तुला भावजय म्हणून मान देतो,” नाना म्हणाले, “पण पडद्याच्या बाबतीत नाही.” मी हेही मनात नोंदवले. संशय घेण्याची विद्या त्या घरात माझ्याही अंगात उतरली होती.

मग भडगावच्या एका वकीलसाहेबांचा फोन आला. त्यांच्या ॲम्बॅसेडरचा नकाशा नानांनी नुकताच काढून दिला होता आणि तिकडच्या एका नव्या वायरमनने त्याबरहुकूम सगळे वायरिंग नवे घातले होते. “नाना, गाडी झकास झाली,” वकीलसाहेब म्हणाले, “फक्त ब्रेक दाबला की पुढचे हेडलाइट लागता. समोरचा ट्रकवाला म्हणे, तुम्ही मला डोळा काय मारता?” नानांनी फोन ठेवला आणि तपास सुरू केला. पहिला संशय वायरमनवर. पण त्याने पाठवलेल्या फोटोत जोडणी नकाशाप्रमाणे तंतोतंत होती. दुसरा संशय तार विकणाऱ्या दुकानदारावर. अखेर नानांनी निष्कर्ष काढला, की पेनाच्या कंपनीने निळ्या शाईत गुपचूप हिरवी मिसळायला सुरुवात केली आहे, आणि हा खटला सिद्ध करू शकणारी व्यक्ती त्यांच्याच नात्यात आहे.

दुसऱ्या दिवशी ते पारोळा-एरंडोल करीत जळगावला माझ्या प्रयोगशाळेत हजर झाले. हातात पिशवी, तीत जुनी पेने, नवी पेने, तारांचे तुकडे आणि भडगावच्या नकाशाची प्रत. “रिपोर्ट दे,” ते म्हणाले. “तुझ्या सहीचा. यांना कोर्टात खेचतो. वकील तर आपला आहेच.”

मी जुन्या आणि नव्या निळ्या पेनांच्या रेघा कागदावर ओढून यंत्राखाली धरल्या. दोहोंत काडीचाही फरक नव्हता. मग नकाशा उलगडला. हेडलाइटच्या बटणापासून निघालेली तार सुरेख निळी होती, डॅशबोर्डच्या पाठीमागे वळली आणि तिथून पुढे हिरवी झाली. रेघ तशीच ठाम, तशीच सुंदर, फक्त दुसऱ्याच पेनाची. त्या पेनावरची चिठ्ठी गळून पडली असावी. हेडलाइटकडे जाता जाता ती रेघ वाटेत ब्रेकच्या हिरव्या तारेला मिळाली होती. यावेळी फक्त दिवे लागले होते. पुढच्या वेळी एखादी जिवंत तार काळ्या तारेला भेटली असती आणि गाडी पेटली असती.

“नाना, एक छोटंसं काम करा,” मी म्हणाले आणि तारांचे तुकडे त्यांच्यापुढे पसरले. “रंगवार वेगळे करा.”

“परीक्षा घेतेस?”

“तुम्ही नसता घेतली?”

त्यांनी झपाट्याने ढीग केले. निळे आणि हिरवे एकत्र गेले. जांभळा काळ्यात गेला. पांढऱ्याला त्यांनी पिवळ्याशेजारी बसवले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, मग वर छताकडे. “तुमच्या ट्यूबलाइट खराब आहेत.” आम्ही बाहेर उन्हात गेलो. पायरीवर बसून त्यांनी पुन्हा ढीग केले आणि ते पुन्हा तसेच झाले. “इथलं ऊनही...” त्यांनी सुरुवात केली, पण जळगावच्या उन्हावर आरोप ठेवणे त्यांनाही जमले नाही.

“नाना, बिघाड शोधताना तुम्ही काय करता?” मी विचारले.

“लाइनचे दोन भाग करतो. हा बरा निघाला की तो. मग त्याचे दोन.”

“वायरमन बरा निघाला. तार बरी निघाली. पेन बरं निघालं. लाइनमध्ये अजून एक वस्तू आहे. ती तुम्ही तपासलीच नाही.”

ते हातातला तुकडा फिरवत राहिले. मोतीबिंदू पिकू लागला, की डोळ्यातले भिंग पिवळे पडते आणि आधी निळ्याचा बळी जातो, हे मी त्यांना पाठ्यपुस्तकातल्यासारखे समजावून सांगितले. ते ऐकत नव्हते. एवढेच म्हणाले, “मला वाटलं, जग बदललं.”

शस्त्रक्रियेला तयार झाले, पण स्वतःच्या अटीवर. एकावेळी एकच डोळा. “दुसरा डॉक्टरवर लक्ष ठेवायला लागेल,” असे त्यांनी धुळ्याच्या दवाखान्यात स्वच्छ सांगितले. डॉक्टरांनीही हरकत घेतली नाही. ते तसेही एकेकच करणार होते, हे नानांना कोणी सांगितले नाही. पट्टी सुटल्यावर घरी येऊन ते पेनांच्या पेल्यासमोर बसले. उजवा डोळा झाकला, डावा झाकला, पुन्हा उजवा. मावशी पडद्याशेजारी मुद्दाम उभी राहिली होती. नानांनी पडद्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “दुकानदाराची माफी मागितली पाहिजे.” मावशी हसली. ते हसले नाहीत. त्यांनी अलीकडच्या नकाशांच्या प्रती जमिनीवर अंथरल्या आणि त्या नव्या डोळ्याने गुडघ्यांवर रांगत एकेक तार तपासत गेले. कुठे निळ्याचे हिरवे, कुठे जांभळ्याचे काळे. पिंपळनेरची गाडी, जळगावच्या शेठजींची गाडी. सगळीकडे तीच ठाम, सुंदर, चुकीची रेघ. एवढ्या गाड्या रस्त्यांवर धावत होत्या, आणि भडगाव सोडून एकाही ठिकाणाहून तक्रार आली नव्हती. ही गोष्ट नानांच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते. त्यांनी गोकुळभाऊंना बोलावून घेतले.

गोकुळभाऊ दारात चप्पल काढताकाढता जमिनीवरचे कागद बघूनच समजले. हातातली टोपी फिरवत उभे राहिले. नाना थेट अहिराणीत शिरले.

“गोकुळ, खरं सांग. तुले माहीत व्हतं?”

“नाना, आते काय सांगू तुमले! नकाशामां निळाना हिरवा व्हई जाये. आम्ही गाडीमां देखीसन जोडी लेवूत.”

“आम्ही म्हणजे?”

“बठ्ठा. पिंपळनेरना भी, जळगावना भी. मीच फोन करी देऊ, की नानाना नकाशा उना की एकदाव गाडी देखी ल्या. भडगावना तो वायरमन नवा व्हता, त्याले सांगानं ऱ्हायनं.” गोकुळभाऊंचा आवाज खाली गेला. “तुमले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही.”

म्हणजे नकाशातली चूक सगळेजण गाडी बघून परस्पर सुधारून घेत होते आणि नानांना वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हते. म्हणजे कट होता. इतकी वर्षे नाना ज्याचा वास काढत फिरत होते, तो कट खरोखर होता, आणि तालुक्यातालुक्यांत त्याची माणसे पसरलेली होती. ज्या एकाने नानांच्या नकाशावर खरोखर डोळे झाकून भरवसा ठेवला, त्याचेच हेडलाइट भलत्या वेळी लागले. मी नानांकडे पाहिले. मला वाटले, आता ते गरजतील. ते पलंगाच्या कडेला बसले आणि हळूच म्हणाले, “बठ्ठा मिळेल व्हतात.” सगळे मिळालेले होते.

भडगावचा नकाशा त्यांनी नव्याने काढला. दुसऱ्या डोळ्याची तारीख अजून घेतली नव्हती. तो झाकून एकाच डोळ्याने काढला. रविवारी मी गेले तेव्हा शाई वाळत होती आणि तो कागद पोहोचवायला गोकुळभाऊ येऊन बसले होते. नानांनी डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा चढवला आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“एकदाव देखी ले.”

“नाना, तुमना हातनं शे. मंग काय देखू?”

“तरी देखी ले.”

गोकुळभाऊंनी बोट बटणावर टेकवले आणि निळ्या तारेवरून ते हळूहळू पुढे नेऊ लागले. नाना हात मांडीवर ठेवून, तोंडी परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे बसून होते. बोट डॅशबोर्डच्या पाठीमागे वळले, पुढे गेले, हेडलाइटपाशी पोहोचले. काळ्या चष्म्यामुळे नाना कोठे पाहत होते हे मला नक्की कळले नाही. पण ते नकाशाकडे पाहत नव्हते, तो त्यांनी गोकुळभाऊंच्या भरवशावर सोडला होता, असा माझा संशय आहे.