जोमाचं आगर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुमची-माझी ओळख नाही म्हणून असेल. किंवा वय झालं म्हणून. मलाही नीटसं ठाऊक नाही.

पण आधी ग्रंथालयाबद्दल बोलू द्या. मुद्द्याला बगल देतेय हे कळतंय मला, तरी. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हापासून पनवेलहून रोज एसटीने मुंबईला, विद्यापीठाच्या जुन्या ग्रंथालयात जायचं, हे माझं आयुष्य होतं. दगडी इमारत, गोल जिना, रंगीत काचांमधून टेबलावर उतरणारं ऊन. माझा विभाग दुर्मिळ संग्रहाचा. पोथ्या, नकाशे आणि मोडी कागदांचे रुमाल. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. पहिल्या दिवशी मीही हसले होते. गाठ सोडली की जुन्या कागदाचा आणि वेखंडाचा वास यायचा. मला तो इतका आवडायचा की घरी आल्यावर हात धुवायचं जिवावर यायचं.

मोडी मला झरझर वाचता यायची. आमचे साहेब पाहुण्यांना मुद्दाम माझ्या टेबलाशी आणायचे. खोटं कशाला बोलू — मिजास होती मला त्याची.

पनवेलला आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात म्हात्रे सर राहायचे. शाळेत गणित शिकवायचे. मूळचे उरणकडच्या खाडीकाठचे, आगरी. त्यांची आई ती सगळ्या मजल्याचीच आई. आमचं घर शाकाहारी. त्यांच्याकडे सुकट भाजली की सुरुवातीला मी नाक मुरडून खिडकी लावून घ्यायचे, आणि वर्षभरात त्यांच्याच स्वयंपाकघरात पाट ओढून तांदळाची भाकरी आणि तेच सुकटीचं कालवण चापायला लागले. आई मला ‘बाय’ म्हणायच्या. माझ्या स्वतःच्या आईने इतक्या मायेने हाक मारलेली आठवत नाही.

त्यांची एक गोष्ट होती. रात्री नातीला, म्हणजे सरांच्या छोट्या कुंदाला, सांगायच्या. त्यांच्या सासरचा एक पूर्वज होता, जोमा. उधाणाने गावाच्या मिठागराचा बांध फुटला, तेव्हा हा गडी मचव्यात बसून मुंबईला गेला, थेट साहेबासमोर उभा राहिला. “सायबानं इचारलं, तू कोन? तं म्हनला, मी जोमा. आगर माजं हाय, दर्या सरकारचा. तुमचा दर्या आवरा.” इथे कुंदा दर वेळी टाळी वाजवायची. मग जोमा बांधाचा हुकूम घेऊनच गावी परतायचा.

एकदा सर माझ्याकडे आले. गावाकडे मिठागरांवर भराव पडत होता. म्हणाले, “आईला वाटतं, जोमाचा काही कागद तुमच्या ग्रंथालयात असेल. बघाल का जरा?” का नाही बघणार? मी बघितलं. म्हणजे — कार्डांचे खण बघितले. मीठ, मिठागर, खारजमीन. जेवणाच्या सुट्टीआधी तेवढं उरकलं. काही नव्हतं. संध्याकाळी आईंच्या समोर बसून मी सांगितलं, “सगळे रुमाल सोडून पाहिले. असा कागद नाही.”

सगळे रुमाल. मी एकाचीही गाठ सोडली नव्हती.

का म्हणाले असेन तसं? एसटीत उभं राहून आले होते, कंटाळले होते. आणि ‘सगळे पाहिले’ हे ऐकायला कसं भारदस्त वाटतं. आई एवढंच म्हणाल्या, “नाय तं नाय.”

आता त्या शब्दाचं सांगते. मी गुहागरची. आमच्या गावाच्या नावातच आगर आहे. आमचं आगर म्हणजे घरामागची नारळ-पोफळीची वाडी. त्यांचं आगर म्हणजे मीठ. सरांच्या घरी हा शब्द रोज कानावर पडायचा, तिथे मला तो बरोबर कळायचा. पण त्यांची ओळख व्हायच्या आधी, नवी होते तेव्हा, मी एक रुमाल नोंदवला होता. वरच्याच कागदावर ‘आगर’ दिसलं आणि मी हसत हसत कार्डावर लिहिलं — बागायत, नारळ-पोफळी. खालचे कागद चाळलेसुद्धा नाहीत. गुहागरच्या मुलीला आगर कुणी शिकवायचं?

आईंना ‘नाही’ सांगितल्यावर वर्षभराने कोकणातल्या बागांवर काम करणारा कुणी अभ्यासक आला, म्हणून तो रुमाल उघडला. बागा कुठल्या? फुटलेला बांध, वाहून गेलेलं मीठ. आणि मधल्याच एका अर्जात, त्या वळणदार मोडीत — ‘आगर आमचे, दर्या सरकारचा.’ खाली जोमाचं नाव.

मला रडू आलं. आनंदानेच आलं. वाटलं, आत्ता उठावं आणि पनवेल गाठावं. मग वाटलं, सर विचारतील — तेव्हा सगळे रुमाल पाहिले म्हणालात ना? नुसता शब्द चुकला असता तर कबूल केला असता हो, हसून केला असता. पण न पाहता पाहिलं म्हणाले होते, ते कसं सांगायचं? उद्या सांगू म्हटलं. मग परवा. कागदाची नक्कल पर्समध्ये घालून मी कितीदा त्यांच्या दारात गेले, आणि भाकरी खाऊन परत आले.

आई त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास गेल्या. नंतर मी कार्ड बदललं, आता कुणीही मिठागर शोधलं तर तो रुमाल सापडेल. सर बदली होऊन गेले. त्यांना मी कळवलं नाही.

पण सांगायची होती ती एक संध्याकाळ. आई जायच्या आधीची. कुंदा त्यांच्या पाठीवर लोंबकळत म्हणत होती, जोमाची गोष्ट सांग. बऱ्याच दिवसांत ती गोष्ट ऐकली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आई भाकरी थापत होत्या.

“ती गोष्ट खरी नाय गो,” त्या म्हणाल्या. “आमचे लोक उगाच मोठेपना सांगत व्हते. आपल्या बायनं समदं धुंडलं, नाय गावलं.”

नक्कल माझ्या पर्समध्ये होती. पर्स मांडीवर होती.

आईंनी माझ्याकडे बघून हसून तव्यावरची भाकरी माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.