रंगराजांच्या शोकसभेत वन्सं

जालन्याहून फोन आला तेव्हा मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. वन्सं गेल्या... पहाटे, झोपेतच. हातातली घडी पुरी केली, कपाट लावलं आणि मग खाली बसले. तुम्ही मुलांनी त्यांना फार थोडं पाहिलंत. गोदूआजी म्हटलं की गालाला हात लावून, "किती वाळलास रे, तिकडं जेवाया देत न्हाईत का?" असं विचारणारी म्हातारी तुम्हाला आठवेल. त्या तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणून माझ्या वन्सं. त्या गेल्यावर एका पुरवणीत त्यांच्याविषयी मजकूर आला. 'नटश्रेष्ठ रंगराज यांच्या पत्नी; पतीच्या शोकसभेत त्या मूर्च्छित पडल्या होत्या,' असं त्यात लिहिलं आहे. तो वाचून तुम्ही मला उत्साहाने विचारलंत, आपल्या घरात एवढा मोठा कलावंत होता? होता. पण वन्सं मूर्च्छित पडल्या नव्हत्या. त्या सभेला मी हजर होते, तेव्हा काय झालं ते नीट सांगून ठेवते.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मी पुण्याला इंग्रजी शाळेत शिकून जालन्याच्या मस्तगडात सून म्हणून आले, आणि तिथे दुकानापासून कचेरीपर्यंत सगळा कारभार उर्दूत. माझ्या इंग्रजीचं काय करायचं ते कोणालाच कळेना. वन्सं बहुतेक वेळ माहेरीच, म्हणजे आमच्याकडे असत, कारण त्यांचे मालक नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरत. घरातलं नाव रंगनाथ, रंगमंचावर रंगराज. ते नायिकेची कामं करत आणि असं गात की तंबूबाहेरचे टांगेवालेसुद्धा घोडी थांबवत. त्यांच्या शालू नेसण्याची तर बायकांना भूलच पडली होती. निऱ्या किंचित तिरप्या, पदर खांद्यावरून जरासा निसटता. हळदीकुंकवाला एक बाई वन्संना म्हणाली, "गोदाबाई, तुम्ही पण रंगराजांसारखं नेसून राह्यल्यात, पण ते काही जमलं न्हाई हो तुम्हाला." वन्सं शांतपणे म्हणाल्या, "त्यांनी माझंच बघून उचललंय. त्यांना जमलं, हे मात्र बराबर."

त्या अशाच होत्या. नवऱ्याच्या गाण्याची कोणी स्तुती केली की म्हणायच्या, "गातात चांगलं. घोरतात त्याच्याहून चढ्या सुरात." तोंडावर खरं बोललं की माणसं दुखावतात हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण गोड बोलून माणूस फसतो, ते त्यांना जास्त वाईट वाटे.

कंपनीचा तंबू जालन्यातच पडला होता तेव्हा रंगनाथराव तापाने आजारी झाले. बाहेर ओट्यावर रोज गर्दी. कोणी अंगारा घेऊन येई, कोणी नुसतं दाराच्या फटीतून डोकावून जाई. आपण रंगराजांना आजारी पाहिलं, एवढं सांगायला मिळावं म्हणून. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तर ते वन्संचा हात धरून म्हणत होते, "गोदे, आता मला लोकांत नेऊ नको. लई झालं... मेल्यावर तरी नको." वन्संनी नुसती मान हलवली. हे ऐकणारी तिसरी मी एकटीच. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

मग समाचाराला येणाऱ्यांची रीघ लागली. बायका गळ्यात पडून हंबरडा फोडत आणि डोळे पुसता पुसता विचारत, शेवटी काय बोलले हो? वन्सं सांगत, "पानी मागितलं." तेवढ्यावर कोणाचं समाधान होत नसे. कंपनीचे व्यवस्थापक दाजीसाहेब मुंबईच्या वर्तमानपत्रांना इंग्रजी तार लिहून घ्यायला माझ्याकडे आले. माझ्या इंग्रजीला आलेलं हे पहिलं काम. पत्नीचं सांत्वन करणं अशक्य झालं आहे, असं त्यांना तारेत हवं होतं. वन्संनी आतून विचारलं, "वैनी, काय लिहून राह्यलात?" मी अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "अशक्य हाये तर मंग हे सारे रोज काय कराया येतात?"

दाजीसाहेबांचा बेत मोठा होता. गावातले वकील आणि शेठजी घेऊन त्यांनी शोकसमिती केली होती. तंबूत सभा, रंगमंचावर फुलांच्या मखरात अस्थी, शेजारी वन्सं बसलेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच अस्थी रेल्वेने नाशिकला न्यायच्या आणि बदनापूरपासून पुढे प्रत्येक स्टेशनवर लोकांना दर्शन द्यायचं. एरवी सकाळी विधवेचं तोंड दिसलं तर माघारी फिरणारी ही माणसं, आता तिच्यासाठी मखमली खुर्ची शोधत होती.

आपल्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. मडक्यात घालून, तोंडाला फडकं बांधून नदीकाठच्या पिंपळाला टांगतात, आणि सवड होईल तसं गंगेला, म्हणजे गोदावरीला नेतात. वन्संनी सभेच्या आधीच भावाला बैलगाडी जुंपायला सांगितली. बाईमाणसाने अस्थी घेऊन जायची रीत नव्हती, त्यात नवऱ्याचे दिवसही पुरे झाले नव्हते. पण तुमच्या आजोबांनी बहिणीकडे एकदा पाहिलं आणि बैल जुंपले. तांबडं फुटताना दोघं पिंपळावरून मडकं उतरवून निघाली आणि शहागडला गोदावरीत रंगनाथरावांना सोडून आली. तिथे काय झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. परत आल्या त्याच दिवशी वन्संनी दाजीसाहेबांना बोलावून सरळ सांगितलं, "मी त्यांना शहागडला गंगेत सोडून आले. तुम्ही उगं खर्चा करू नका." दाजीसाहेबांनी डोळ्याला रुमाल लावला. "बाई, तुमचं दुःख आम्ही समजतो. असे भास होतात. तुम्ही विश्रांती घ्या."

खरं बोलणाऱ्या बाईवर त्यांनी विश्वास ठेवला नाही, कारण खरं त्यांच्या बेतात बसत नव्हतं.

सभेला जायचं नाही असं मी वन्संना परोपरीने सांगितलं. त्या म्हणाल्या, "न गेले तर तिथं रिकामी खुर्ची दाखवून लोकांना रडवतील. मी जाऊन बसते. मखर मोकळं दिसलं की घरी जातील सारे." शेजारच्या महादूने आम्हाला टांग्यातून नेलं. त्याची आई ठकूमावशी त्याच आठवड्यात वारली होती. तिला नाटकवाल्यांचा भारी तिटकारा. 'तोंडं रंगवणारे' म्हणायची, आणि तंबूत गाणं सुरू झालं की घराचं दार लावून घ्यायची.

तंबू माणसांनी फुलला होता. तेव्हा शोकसभेलासुद्धा सरकारची परवानगी लागे, म्हणून पुढच्या रांगेत पोलिसांचे अमीनसाहेब उर्दूत टिपणं घेत बसलेले. वकील बोलत होते, "रंगराज आणि मी म्हणजे एकाच ताटात जेवलेले..." आणि मखर मोकळं नव्हतं. त्यात जरीचं कापड पांघरलेलं, हारांनी झाकलेलं मडकं होतं. कंपनीच्या माणसाने पिंपळावर लोंबत होतं ते मडकं काढून आणलं होतं. लोक रांगेने येऊन डोकं टेकत होते, बायका ऊर बडवत होत्या. वन्सं उठून मखरापाशी गेल्या. जरीच्या खालून हिरव्या लुगड्याचं फडकं दिसत होतं. शहागडला निघाल्या त्या पहाटे त्यांनी ते शेजारच्या फांदीवर पाहिलं होतं.

"दाजीसाहेब, हे कोनाला आनलंत?"

"हळू बोला बाई, लोक बघताहेत."

"बघू द्या की. ही ठकूमावशी हाये. महादूची माय."

दाजीसाहेब हात जोडून पुटपुटले, "बाई, पाया पडतो, आजचा दिवस गप्प बसा. रंगराजांच्या नावाची शोभा होईल. उद्या मी गुपचूप परत टांगतो."

वन्संनी मागे खुर्चीकडे पाहिलं. मला वाटलं, बसतील. त्यांचं माणूस तर सुखरूप गेलं होतं. ज्याला लोकांत यायचं नव्हतं तो आला नव्हता. गप्प राहिल्या असत्या तर गावाने त्यांना डोक्यावर घेतलं असतं... पण दाराशी महादू उभा होता. त्यांनी हार बाजूला केले, मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि तंबूभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "महादू, ये रे. तुझ्या मायला घेऊन जा. चुकून इथं आल्ती."

आधी कोणाला कळलंच नाही. मग मागून कोणीतरी हसलं, आणि पुढच्या बायका संतापल्या. इतका वेळ आपण कोणापुढे रडलो? महादू मडकं छातीशी धरून बाहेर पडला. वकिलांचं भाषण अर्ध्यावर राहिलं. विधवेचा जबाबही टिपून घ्यायचा का, एवढंच अमीनसाहेबांनी विचारलं, "बेवा का बयान भी लिखूँ?"

टांग्यात महादू घोड्याकडे तोंड करून मूकपणे रडत होता. मी वन्संना म्हटलं, बिचाऱ्या बायका, उगाच रडल्या. त्या म्हणाल्या, "उगाच कशाला? ठकूमावशीसाठी एवढं कोन रडलं असतं? ज्याला रडायचं असतं तो कोनाच्या बी निमित्तानं रडतो." आणि ते खरं होतं. ऊर बडवणाऱ्यांत एक बाई अशी होती, जिचा मुलगा प्लेगात गेला तेव्हा सासूने तिला रडू दिलं नव्हतं.

गावाने मात्र वन्संना माफ केलं नाही. नवरा गेला तरी डोळ्यात टिपूस नाही, दगड आहे बाई. पाणवठ्यावर, बाजारात, वर्षानुवर्षं. पुढे राज्य बदललं, पोलिस ॲक्शन झाली, माणसं खूप काही विसरली, पण हे विसरली नाहीत. एकदा न राहवून मी विचारलं, वन्सं, मेल्यावर लोकांत नेऊ नको असं त्यांनीच तुम्हाला सांगितलं होतं, एवढं एक वाक्य लोकांना का नाही सांगत? मी साक्ष देते. त्यांनी निवडायचं ताट खाली ठेवलं. "ते त्यांनी मला सांगितलं वैनी. गावाला न्हाई."

मी आज तुम्हाला ते सांगते आहे. त्या असत्या तर रागावल्या असत्या. पण मूर्च्छा आल्याचं छापून आलेलं मला बघवेना.

वन्संचे दिवस झाल्यावर मी त्यांची खोली आवरायला जालन्याला गेले. भिंतीवर रंगराजांचा एकही फोटो नाही. पलंगाखाली जुना फोनो आणि एकच तबकडी, त्यांच्या गाण्याची. दुपारी दार लावून वन्सं ती लावत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आत कोणी जात नसे. मी एकदा दाराशी थबकले होते. गाणं चाललं होतं, आणि एका तानेवर त्या आतून म्हणाल्या, "इथं दम लागला तुम्हाला... लागला की न्हाई?" मग हसल्या.

मी दार लावून घेतलं, चावी भरली आणि तबकडी लावली. ती तान आली. दम खरंच लागला होता. वन्संचं हसू ऐकू येईल म्हणून मी थांबले, आणि गाणं पुढे निघून गेलं.