मामांच्या चपला

आमच्या वेलचेरीच्या संस्थेत, दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्यांना कर्ज कसं मिळेल याचे पर्याय तपासले जातात. तिथले तंजावरकडचे वयस्कर मराठी कारकून, आम्हा सगळ्यांचे मामा, अर्जाचा प्रत्येक नवा नमुना स्वतः खंडकरी होऊन पारखतात. दाराशी चपला काढतात, समोर अवघडून बसतात आणि अडवणारा प्रश्न आला की उठून एक चप्पल घालतात. दुसऱ्या अडचणीला दुसरी.

घरातला पहिला पदवीधर मी. मी तयार केलेला पहिलाच अर्ज उद्या गावोगाव जाणार होता.

“जमिनीचा कागद?” मी विचारलं.

“मालकाच्या कपाटात.” एक चप्पल चढली.

“मग मालकाची सही आणा.”

“अय्यो तंबी, अरे बाळा! सही मागितली तर तो जमीनच काढून घेईल.” दुसरीही चढली. मामा निघाले.

“थांबा मामा! ही जमीन तुम्हीच कसता, असं शेजारच्या दोघा शेतकऱ्यांनी सांगितलं तर चालेल?”

मामा वळले. चपला काढून परत बसले आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत उठले नाहीत.

“मिळालं की रे कर्ज! चल, कॉफी माझ्याकडून,” म्हणत ते तरातरा रस्त्यापलीकडे गेले, अनवाणीच. त्यांच्या चपला हातात घेऊन मी मागे धावलो.